याकींचा येशू आणि याकींचं हरिण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. कॉलेजात असताना तुम्ही कार्लोस कास्टानेडाचं डॉन हुआन नावाच्या याकी मांत्रिकावरचं पुस्तक वाचलंत. (याकी ही मेक्सिकोतली आणि आता ॲरिझोनातलीही एक आदिवासी जमात.) तेव्हापासून याकी म्हणजे पेयोटे (भास घडवणारं निवडुंग) खाऊन दुसऱ्या जगात फिरणारे मांत्रिक, अशी समजूत मनात बसली. आता नोकरीसाठी ॲरिझोनात चँडलरला आला आहात. ऑफिसातल्या एका याकी सहकाऱ्याने ईस्टरच्या आदल्या शनिवारी जवळच्या ग्वाडालुपे या याकी वस्तीत यायचं आमंत्रण दिलं आहे. तिथे बघावं तर चर्च, मेरी, क्रूस आणि रोझरी. तेव्हा हे लोक मुळात आदिवासी धर्माचे आणि वरवर ख्रिस्ती, की खरेच ख्रिस्ती आणि थोडे जुने रिवाज सांभाळून असलेले? आणि गेलात तर काय पथ्यं पाळायची?

मी टुसॉनमध्ये बरीच वर्षं धर्म आणि समाज हा विषय शिकवला. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, काळात विद्यार्थ्यांना घेऊन पास्कुआ या याकी वस्तीत जाणं हा त्या शिकवण्याचाच भाग होता. पण मी याकी नाही. बाहेर उभं राहून जे दिसतं, वाचून जे कळतं आणि ओळखीच्यांनी आपणहून जे सांगितलं, तेवढ्यावरच मी बोलते.

कास्टानेडाचं आधी उरकून टाकू. ते पुस्तक १९६८ साली आलं. याकींमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या एडवर्ड स्पायसर यांनी पुढच्याच वर्षी लिहिलं की यातल्या गोष्टींचा याकी जीवनाशी संबंध लागत नाही. पेयोटे याकींच्या विधींत नाही. डॉन हुआन नावाचा माणूस होता की नव्हता यावर लोक अजून भांडतात, भांडोत बापडे. तुम्हाला शनिवारी जे दिसणार आहे, त्यातलं त्या पुस्तकात काहीच नाही. सहकाऱ्यासमोर तो विषय काढू नका, कारण डॉन हुआनच्या शोधात दारात येऊन उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांना ते लोक केव्हाच कंटाळले आहेत.

आता खरा पेच. ‘वरवर’ आणि ‘मुळात’ हे शब्द वापरताना आपल्या डोळ्यांसमोर धर्मांतराचं एकच चित्र असतं: तलवार आली, देवळं पाडली गेली, लोकांनी भीतीपोटी नवा देव पुजला आणि जुना लपवून ठेवला. काही ठिकाणी तसं झालंही. याकींच्या बाबतीत घटनांचा क्रमच वेगळा आहे आणि सगळं त्या क्रमावर अवलंबून आहे.

याकी नदी वायव्य मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातून वाहत कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. पुराचं पाणी ओसरलं की मागे राहिलेल्या गाळात मका, घेवडा, भोपळा पेरायचा, अशी तिथली जुनी शेती. १५३३ मध्ये दिएगो दे गुस्मान हा स्पॅनिश सरदार तिथे पोचला, तेव्हा एका म्हाताऱ्याने पुढे येऊन धनुष्याने जमिनीवर रेघ ओढली आणि ती ओलांडू नका म्हणून बजावलं. लढाई झाली आणि स्पॅनिश परत फिरले. पुढे १६०९-१०च्या सुमारास स्पॅनिश कॅप्टन उर्दाइदे हजारो स्थानिक साथीदार घेऊन चालून आला. त्याचाही याकींनी असा पराभव केला की तो जखमी होऊन कसाबसा निसटला. एवढं झाल्यावर याकींनी काय केलं? स्वतःहून तह केला आणि जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे, पाद्री मागितले. १६१७ मध्ये आंद्रेस पेरेस दे रिबास आणि तोमास बासिलिओ हे दोघे सैन्याशिवाय त्यांच्या मुलखात आले.

लढाया जिंकणाऱ्यांनी पाद्री का बोलवावेत? माझ्या मते शेजारच्या टोळ्यांकडे मिशनसोबत गहू, गुरं आणि लोखंडी अवजारं आलेली त्यांनी पाहिली होती, आणि ताकद आपल्या हातात असतानाच सौदा केलेला बरा हे त्यांना कळत होतं. त्यांनी सौदा केला तो पाद्र्यांशी. स्पॅनिश वसाहतवाल्यांना मुलखात थारा दिला नाही. सुमारे ३० हजार लोक तेव्हा ८० वाड्यांमध्ये विखुरलेले होते. ते पुढच्या काही वर्षांत चर्चभोवती वसलेल्या आठ गावांत आले: कोकोरित, बाकुम, विकाम, पोताम, तोरिम, राहुम, उइरिविस आणि बेलेन. पाद्री मूठभरच होते. रोजची प्रार्थना, सणांची तयारी, मर्तिकाचे विधी हे सगळं शिकलेल्या याकी माणसांच्याच हाती होतं. त्यांना माएस्त्रो म्हणतात. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या बायका म्हणजे कोपारियाम.

तुलनेसाठी गोवा घ्या, कारण संघ तोच आणि वर्षंही तीच. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं, म्हणजे पेरेस दे रिबास याकींकडे पोचण्याच्या फक्त एक वर्ष आधी. लोकांच्या भाषेतून ख्रिस्त सांगायचा ही रीत दोन्हीकडे होती. पण दक्षिण गोव्यातल्या साष्टीत पाद्र्यांमागे पोर्तुगीज सत्ता उभी होती आणि देवळं पाडण्याचा इतिहास होता. याकी खोऱ्यात पाद्र्यांमागे कुणीच नव्हतं. त्यांनी टिकायचं ते याकींच्या मर्जीवर. म्हणून गोव्यावरून बांधलेले अंदाज इथे लावू नका.

ही व्यवस्था दीडशे वर्षं चालली. ती नेहमीच गुण्यागोविंदाने चालली असं नाही: १७४० मध्ये मोठा उठाव झाला आणि मुनी व बेर्नाबे या त्याच्या पुढाऱ्यांना पुढच्या वर्षी मारण्यात आलं. पण त्या काळात गव्हाची सुगी, संतांचे सण, गावाचा कारभार आणि चर्चचं पंचांग हे सगळं एकमेकांत मुरलं. खोऱ्यातलं जास्तीचं धान्य आणि गुरं आखातापलीकडे बाहा कॅलिफोर्नियातल्या मिशनांना जात होती. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या राज्यातून हाकललं. पाद्री गेले, माएस्त्रो राहिले. त्यांच्याकडे लॅटिन, स्पॅनिश आणि याकी प्रार्थनांच्या हाताने उतरवलेल्या वह्या होत्या. पुढे पाद्री क्वचितच फिरकायचा, तरी सण चालूच राहिले, कारण ते चालवणारे पहिल्यापासून गावचेच होते. विरजण लागून गेल्यावर यात दूध किती आणि दही किती असं कुणी विचारावं, तसा तुमचा प्रश्न मला त्यामुळे वाटतो.

याकींना स्वतःला हा प्रश्न कधी पडलाच नाही असं मात्र समजू नका. त्यांनी त्याचं उत्तर एका कथेत देऊन ठेवलं आहे. फार पूर्वी या मुलखात सुरेम नावाचे बुटके लोक राहत होते. ते मरत नसत. एक दिवस एक झाड गुणगुणू लागलं, आणि ते काय म्हणतंय हे कुणालाच कळेना. शेवटी रानातल्या एका शहाण्या मुलीने अर्थ सांगितला: बाप्तिस्मा येणार, नवी बियाणी येणार, लोखंड येणार, आणि मरणही येणार. काही सुरेमना हे नको होतं. ते जमिनीखाली, डोंगरांत आणि समुद्रात निघून गेले. जे राहिले ते उंच झाले, बाप्तिस्मा घेऊन मर्त्य झाले. तेच आजचे याकी, म्हणजे त्यांच्या भाषेत योएमे. गेलेले सुरेम मात्र अजून आहेत. रानात, स्वप्नात, हरणाच्या गाण्यांत त्यांचा वावर जाणवतो. म्हणजे ख्रिस्ती धर्म बाहेरून आला हे त्यांना पूर्ण मान्य आहे, फक्त त्याची वर्दी त्यांच्याच झाडाने दिली होती. ही कथा वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या तपशिलांनी सांगतात, कणा हाच.

याकींच्या मते जग एक नाही. हुया आनिया हे रानाचं जग, यो आनिया हे प्राचीन आणि जादूचं जग, तेन्कु आनिया स्वप्नाचं, आणि सेवा आनिया फुलांचं. हरिण फुलांच्या जगातून येतं. येशूही इथे परका नाही: तो याकी मुलखातच गावोगाव आजाऱ्यांना बरं करत फिरला असं म्हातारी माणसं सांगतात. आपल्या मुलाला क्रुसावर चढवणार हे कळल्यावर मेरी स्वतःच झाड झाली, म्हणजे त्या लाकडावर तो तिच्याच कुशीत राहील, अशीही एक कथा आहे. तिथले क्रूस म्हणूनच आईचं रूप मानले जातात आणि त्यांना हार घालून नटवतात. क्रुसावरून जमिनीवर पडलेल्या रक्ताच्या थेंबांची फुलं झाली. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, शनिवारी तिच्याशिवाय काहीच उमगणार नाही.

तुम्ही बघणार ते वाएमा, म्हणजे लेंट आणि पवित्र आठवडा. राखेच्या बुधवारपासून गावाचा ताबा हळूहळू फारिसेओंकडे जातो. हे येशूचा पाठलाग करणारे. त्यांच्यातले चापायेका कातड्याचे किंवा पुठ्ठ्याचे मोठे मुखवटे घालतात, लाकडी तलवार आणि सुरा बाळगतात, बोलत नाहीत, डाव्या हाताने आणि उलटसुलट वागतात. मुखवट्यात जनावरं असतात, शिपाई असतात, टीव्हीवरची पात्रंही असतात. बघून लहान मुलं हसतात, मध्येच घाबरतात. पण मुखवट्याच्या आत त्या माणसाने रोझरीचा क्रूस तोंडात धरलेला असतो आणि मनात प्रार्थना चालू असते, कारण वाईटाचं सोंग घेताना वाईट लागू नये. बहुतेकजण हे नवसाने करतात. याकी त्याला मांदा म्हणतात: मूल आजारी होतं, ते बरं झालं तर इतकी वर्षं सेवा करीन, असं आईबापाने किंवा स्वतः बोललेलं असतं. उपास, जागरणं, उन्हात तासन्‌तास चालणं, कामावरून सुट्ट्या काढणं, हे सगळं त्यात आलं.

दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची मिरवणूक निघते आणि दर आठवड्याला चापायेकांची संख्या वाढते. पवित्र गुरुवारी येशूला पकडतात, शुक्रवारी क्रुसावर देतात. शनिवारी सकाळी फारिसेओ काळ्या पोशाखात रांगा धरून चर्चवर चाल करतात. तीनदा. चर्चच्या दारात त्यांना अडवायला कोण उभे असतात बघा: पांढऱ्या कपड्यांतली छोटी मुलं, जे देवदूत आहेत. डोक्यावर कागदी फुलांचे मुकुट घातलेले मातचिनी, म्हणजे मेरीचे नाचणारे शिपाई. मुखवटा घातलेले नर्तक, म्हणजे पास्कोला. आणि मासो, म्हणजे हरणाचं मुंडकं डोक्यावर बांधलेला नर्तक. हातात तुंब्यांचे खुळखुळे, पायांना पतंगाच्या कोशांत खडे भरून केलेल्या माळा, कमरेला हरणाच्या खुरांचा पट्टा. त्याच्यासाठी गाणारे पाण्यावर तरंगत ठेवलेल्या अर्ध्या तुंब्यावर ताल धरतात. पास्कोलाला मात्र व्हायोलिन आणि हार्प. चर्चच्या बाजूचे सगळे हल्लेखोरांवर फुलं, पानं आणि कागदाचे कपटे उधळतात. हीच ती रक्ताची फुलं, आणि हेच एकमेव हत्यार. घंटा वाजतात. तिसऱ्या हल्ल्याला चापायेका मुखवटे आणि तलवारी फेकून देतात, त्यांचे धर्ममायबाप त्यांच्या डोक्यावर कापड टाकून पळत चर्चमध्ये नेतात, आणि बाहेर मुखवट्यांचा ढीग येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासच्या पुतळ्यासह पेटतो. ग्लोरिया म्हणतात ती हीच.

आता यातलं ख्रिस्ती कोणतं आणि आदिवासी कोणतं ते वेगळं काढून दाखवा! ज्या हरणाच्या नाचाला तुम्ही ‘मूळ’ म्हणाल, तो इथे चर्चचं रक्षण करतो आहे. ज्या ग्लोरियाला ‘ख्रिस्ती’ म्हणाल, ती जिंकते फुलांच्या जगाच्या ताकदीवर. विद्यार्थी दर वर्षी दोन रकाने आखून यादी करायला घेत. मी थांबवत नसे, शनिवारी दुपारपर्यंत ते वही मिटत.

हे मिश्रण एवढं घट्ट का राहिलं, याचं कारण माझ्या मते धर्मापेक्षा जमिनीत आहे. आठ गावांच्या हद्दी देवदूतांनी आणि पुढाऱ्यांनी गात गात चालून आखल्या अशी श्रद्धा आहे. म्हणजे चर्च, गाव आणि शिवार हे एकाच देणगीचे भाग. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारला गावं कराखाली आणायची होती आणि सुपीक जमीन मोकळी करून हवी होती. १८२५ पासून याकी पुढारी हुआन बांदेरास ग्वाडालुपेच्या मेरीचं (हे मेरीच्या एका रूपाचं नाव, ॲरिझोनातल्या वस्तीचं नव्हे) निशाण घेऊन लढला. १८३३ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. १८६८ मध्ये सरकारी फौजेने बाकुमच्या चर्चमध्ये कोंडलेल्या याकी कैद्यांवर तोफा डागल्या, सुमारे १२० जण मेले. काहेमे या याकी पुढाऱ्याने १८७५ नंतर दहाएक वर्षं खोरं जवळजवळ स्वतंत्र चालवलं. १८८७ मध्ये तोही मारला गेला. त्याच्यानंतरचा पुढारी तेताबियाते १९०१ मध्ये पडला.

मग मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियास याच्या सरकारने लढवय्ये आणि साधे शेतकरी यांच्यात फरक करणंच सोडलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हजारो याकींना धरून, बायका-मुलांपासून तोडून, देशाच्या दुसऱ्या टोकाला युकातानमध्ये घायपाताच्या मळ्यांवर पाठवलं. तिथलं जिणं गुलामाचंच होतं. मुलं सोनोरातल्या घरांत वाटून टाकली. याकी बोलणंसुद्धा धोक्याचं झालं. जे निसटले त्यांतले बरेच सरहद्द ओलांडून ॲरिझोनात आले. टुसॉनचं पास्कुआ आणि तुमच्याजवळचं ग्वाडालुपे ही त्यांचीच वस्ती. सुरुवातीला इथेही ओळख लपवून राहिले. भीती जरा ओसरल्यावर त्यांनी आधी काय सुरू केलं असेल? वाएमा. जमीन नव्हती, खोरं नव्हतं, पण पत्र्याच्या आणि रेल्वेच्या जुन्या लाकडांच्या झोपड्यांमधल्या मोकळ्या जागेत चर्च उभं करून गाव पुन्हा मांडता येत होतं. याकी ज्या सोनोरातून हाकलले गेले, त्याच राज्याच्या बोधचिन्हावर आज हरणाचा नर्तक आहे, हे जाता जाता.

पुढचं भराभर सांगते. १९३७ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी खोऱ्याचा सुमारे ४ लाख ८५ हजार हेक्टरचा भाग याकींना परत दिला. पण १९५२ मध्ये वरच्या अंगाला मोठं धरण झालं आणि खालची नदी कोरडी पडली; पाण्याचं भांडण अजून चालू आहे, एर्मोसियो शहराकडे पाणी नेणाऱ्या जलवाहिनीविरुद्ध विकामला हमरस्ता अडवून आंदोलनं झाली. २८ सप्टेंबर २०२१ रोजी मेक्सिकोच्या अध्यक्षांनी विकामला येऊन राज्यसत्तेच्या वतीने माफी मागितली. अमेरिकेत पास्कुआ याकींना आदिवासी जमात म्हणून संघराज्याची मान्यता मिळाली ती १९७८ मध्ये.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ते खरेच ख्रिस्ती आहेत आणि खरेच योएमे आहेत, आणि दोन्हीची किल्ली पहिल्यापासून त्यांच्याच खिशात होती. तुमच्या सहकाऱ्याचं उत्तर वेगळं निघू शकतं, हेही धरून चाला. सोनोरातली आठ गावं, पास्कुआ आणि ग्वाडालुपे यांच्या रीती तंतोतंत सारख्या नाहीत. काही घरं इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट) चर्चमध्ये गेली आहेत आणि नाचांपासून दूर राहतात. काही तरुणांना कॅथलिक हा शब्दच खुपतो, काही आजीबायांना त्याशिवाय दुसरा शब्द नको असतो. शिवाय हे उत्तर कोण विचारतंय यावरही बदलतं.

जायचं तर अवश्य जा, आमंत्रण मनापासूनचं असणार. फोटो, व्हिडिओ, आवाज रेकॉर्ड करणं, चित्र काढणं, वहीत टिपणं घेणं यातलं काहीही चालत नाही; फोन गाडीतच ठेवा, नाहीतर तो चापायेकाने काढून घेतला तर तक्रार करू नका. अंग झाकणारे साधे कपडे आणि डोक्याला उन्हापासून काहीतरी. मिरवणूक आणि चर्च यांच्यामधून आडवं जाऊ नका, टाळ्या वाजवू नका. चापायेकाशी बोलायला जाऊ नका, मुखवट्यामागचा माणूस ओळखीचा वाटला तरी नाव घेऊन हाक मारू नका. ग्लोरिया साधारण दुपारच्या सुमाराला होते, पण घड्याळ लावून होत नाही, तेव्हा सकाळीच पोचा आणि लहान मुलं बरोबर असतील तर पाणी भरपूर न्या. स्वयंपाकघरातून खायला दिलं तर नाही म्हणू नका. काही द्यावंसं वाटलं तर आधी सहकाऱ्याला विचारा. सणाचा शिधा आणि सरपण जमवण्यात यजमानांचे महिने गेलेले असतात, आणि पिठाच्या पोत्याचा उपयोग फुलांच्या गुच्छापेक्षा जास्त होतो.